फक्कीचं घर

चनबसप्पाअण्णांच्या घरात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला परत बाहेर काढलं. "मास्तर, भितीतनं काय येताय? दारातनं या की. घर हाय हे, मैदान न्हाय."

खरं तर ते मैदानच होतं. अक्कलकोट रोडला, बाभळींच्या कडेला अण्णांचा प्लॉट, आणि त्यावर फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या पुडीनं, आखलेलं घर. पाया खणायच्या आधी अशी आखणी सगळेच करतात. पण बाकीच्यांची दोन दिवस टिकते, अण्णांची दोन वर्षं झाली तरी होती. वारा ती उडवायचा, शेळ्या तुडवायच्या. दर रविवारी अण्णा फक्कीचा डबा घेऊन जात आणि चिमटीचिमटीनं रेघा पुन्हा भरत.

अण्णा गिरणीत जॉबर, मागांवरचे मुकादम. चादरीत एक धागा तिरका गेला तरी माग थांबवणारे. मूलबाळ नाही. घर आखून झालं आणि दोन महिन्यांत वहिनी गेल्या. आता अण्णा प्लॉट विकणार, असं आम्ही शेजाऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण ते रविवारी दुपारी मला तिथं नेत, पुढच्या सोप्यात सतरंजी अंथरत, थर्मासमधला चहा ओतत. "खिडकी उगडतो, गरम हुतंय," म्हणून हवेत हात फिरवत, आणि खोटं कशाला बोलू, मलाही झुळूक लागायची. एकदा तर आतून फोडणीचा वास आल्यासारखा वाटला आणि मी वळून पाहिलं. मागे नुसतं ऊन पसरलं होतं.

घर बांधायचं नव्हतं असं नाही. गवंडी पसंत पडत नव्हता. पहिला भिंत ओलांडून आला तो थेट देवघरात, पायात चपला. दुसरा दारातून आला, पण न्हाणीत बसून तंबाखू मळू लागला. तिसरा मोठा कंत्राटदार, काखेत नकाशांची सुरळी. त्यानं स्वयंपाकघराची रेघ पाहिली, "ही वाकडी आहे," म्हणाला आणि बुटानं पुसायला लागला. अण्णांनी त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला.

तेव्हा सिमेंट सरकारी परमिटावरच मिळायचं, आणि इकडे त्या परमिटाची मुदत दोनदा बुडालेली. तिसऱ्या परमिटाचे आठ दिवस उरले होते आणि पुन्हा देणार नाही, असं कचेरीतल्या साहेबानं बजावलं होतं. मी वैतागलो. "अण्णा, पोरीला स्थळ बघतानासुद्धा लोक इतकं बघत नाहीत."

"पोरगी दिली तर माहेराला तरी येती," अण्णा म्हणाले. "भित परत येत न्हाय."

चौथा आला वेळापूरचा मारुती गवंडी, साठीचा. दाराशी थांबला, चपला काढल्या, चौकट लागू नये म्हणून मान वाकवली. मी मनात म्हटलं, जमलं. तर हा गडी नेमका स्वयंपाकघराच्या रेघेपाशी जाऊन उकिडवा बसला.

"समद्या रेघा दोरी लावून मारल्यात. ही तेवढी नुसत्या हातानं हाय. आन् हितं मदीच हात थांबलाय, रेघंला बाक आलाय."

अण्णा थर्मासचं झाकण बघत राहिले. "हिनं मारली. चुलीची जागा मीच आखनार म्हनली. मदी दम लागला, जरा बसली. परत उटून पुरी केली."

म्हणजे दोन वर्षं दर रविवारी अण्णा तो बाक तसाच्या तसा भरत होते, आणि मी त्यांच्या दाराखिडक्यांवरून घरी बायकोला हसवत होतो. मला माझीच लाज वाटली.

मारुती बोटं लावून बाक मोजत होता. "चार बोटं हाय. भितीतबी तेवढाच ठिवतो. फळी बसवताना जरा तरास हुईल."

"हू दे," अण्णा म्हणाले. "उद्यापासनं लागा."

आणि ते उठले ते सोप्याची भिंत तुडवत सरळ बाभळींकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. घर हाय हे, मैदान न्हाय, हे त्यांना सांगायचं मी राहू दिलं.