काचमहालाच्या हवेची हकिकत

श्री वायुदेवतेसी दंडवत करोन, आणि घेववेल तितका श्वास घेऊन, हकिकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्य ऐसे सुशासित की वाऱ्यासही हुकुमावाचून आत रिघाव नसे. सबब तो येतच नसे.

सरकारांनी सात मजली काचमहाल बांधविला, त्यास उघडणारी एकही खिडकी ठेविली नाही, आणि आत गारव्याचे यंत्र बसविले, ते तीच ती हवा गार करोन पुन्हा फिरवीत असे. मग तिसऱ्या प्रहरी माणसांची डोकी ठणकू लागली, डोळे चुरचुरू लागले, आणि एके दिवशी नकाशे-दालनीचे गोंदाजी कारकून लिहिता लिहिता टेबलावर कलंडले, ते दवाखान्यात शुद्धीवर आले. महालात भूत आहे ऐसी आवई उठली. त्याच दालनी भागीरथीबाई टिपणीस म्हणोन दमेकरी बाई कामास होत्या. त्यांच्या छातीत दिवसभर पिपाणी वाजे, परंतु घर त्यांच्याच पगारावर, सबब सोडोन जाता न ये. "उद्या मी कलंडले, तर तेही भुतावरच घालाल," ऐसे त्या शेजाऱ्यांस बोलिल्या.

मग हवापरीक्षक सुभानजी पानवलकर यंत्र घेऊन पातले. उच्छ्वासातील कर्बवायूचा, हजाराच्या आत असावा तो आकडा अडीच हजार निघाला, आणि यंत्राचा तांबडा दिवा लागला. अवघे दालन गर्भगळीत जाहले. "भूतबित काही नाही हो. तुम्ही एकमेकांनी सोडलेली हवा घेताय," सुभानजी वदले. हे ऐकोन भय दुणावले, कारण भुतास उतारा तरी असतो. मग सुभानजींनी गच्चीवर जाऊन पाहिले, तो बाहेरची ताजी हवा आत ओढणारा थोरला पंखा नवाकोरा उभा, आणि त्यास रेशमी फीत बांधलेली. कारभारी त्रिंबकपंत मागोमाग धावले. "हात लावू नका! उद्घाटन व्हायचंय त्याचं. सरकारांची तारीखच मिळत नाही." सबब सरकारांस अर्जी गेली. उत्तर आले की, आतली हवा सुधारताच आम्ही येऊ.

मग कारभाऱ्यांनी मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारविला, आणि आकडा ढळला नाही, परंतु बाईंचा दमा उसळला. मग यंत्र भय पसरविते म्हणोन यंत्रच कपाटात कोंडिले. दुसरे दिवशी बाईंचे ओठ निळे पडले. त्या कठडा धरोन, पायरी पायरीवर थांबोन गच्चीवर चढल्या, आणि लिफाफे फोडायच्या कात्रीने फीत कापोन कळ दाबिली. पंखा घरघरला. खाली माणसांनी माना वर केल्या.

"बाई, काय केलंत हे! माझी नोकरी घालवता का?" त्रिंबकपंत धापा टाकीत पोहोचले.

"श्वास घेतला, पंत. तुम्हीही घ्या, कुणी बघत नाहीये."

पंतांनी इकडे तिकडे पाहोन एक दीर्घ श्वास घेतला, आणि मग पंखा बंद केला.

तात्पर्य, चौकशी होऊन नवी फीत बांधिली, आणि शासन म्हणोन बाईंची नेमणूक गच्चीवर, फितीच्या राखणीस केली. उन्हातान्हात बसावे लागते. छातीतील पिपाणी थांबली आहे. खाली अद्याप एकशे बारा माणसे बसतात.