पावलाला मान असते

आमच्या शेजारच्या कांबळेभाऊंसमोर ‘पाय दुखतोय’ म्हणायची सोय नाही.

“कुठला पाय?” ते विचारतात. “मराठीत पाय म्हणजे कमरेपासून तळव्यापर्यंत सगळाच. इंग्रजीत घोट्यापाशी त्याचे दोन तुकडे होतात. नेमकं बोला, राव!”

भाऊ घरी बसून वैद्यकीय पुस्तकांचं इटालियनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून इटालियनमध्ये भाषांतर करतात. थेरगावात हे काम करणारे ते एकटेच असावेत. दुसरा कुणी असता तर त्यांची भांडणं आम्हाला ऐकू आली असती.

एकदा माझ्या बायकोचं पाऊल मुरगळलं. भाऊंनी वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, “वहिनी, मान दुखावलीय.”

तिने घाबरून मानेला हात लावला.

“ती नव्हे, पावलाची. इटालियनमध्ये पावलाला वरच्या बाजूने मान असते. कोल्लो देल पिएदे.”

डांगे चौकातल्या डॉक्टरांना तिने घाईत तेच सांगितलं. त्यांनी मानेचा एक्स-रे लिहून दिला.

भाऊंचं खरं वैर भाषांतर करणाऱ्या कॉम्प्युटरशी. “कानशिलाला आणि देवळाला इंग्रजीत एकच शब्द आहे. या गाढवाने पेशंटच्या डाव्या देवळाला टाके घातलेत!” हे आमच्या दारात उभं राहून. आत दूध उतू गेलं.

मी चाकणला एका कंपनीत आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे नवीन मशीन बसवायला मार्को नावाचा इटालियन फिटर आला होता. साठीचा, अबोल माणूस. एके दिवशी त्याचा डावा हात मशीनच्या दारात सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंत करंगळीशेजारचं बोट वांग्यासारखं सुजलं आणि अंगठी आत रुतली. त्याला इंग्रजी जेमतेम. मी भाऊंना बोलावून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, “अंगठी लगेच कापायला हवी. नाहीतर बोट जाईल.”

भाऊंनी ते इटालियनमध्ये सांगितलं. मार्कोने हात छातीशी ओढून घेतला आणि काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“बोट कापा म्हणतो,” भाऊ म्हणाले. “अंगठीला हात लावू देणार नाही. बायको वारलीय त्याची.”

“अहो, समजवा ना त्याला!”

भाऊंनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्यात एक बायकी अंगठी होती. पातळशी, एका जागी कापून पुन्हा जोडलेली. मार्कोने ती उजव्या हाताने चाचपून पाहिली. मग डावा हात डॉक्टरांपुढे केला.

इतकी वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहतोय. भाऊंचं लग्न झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना रिक्षात ते आपणहूनच म्हणाले, “शेवटी शेवटी हात फार सुजले होते तिचे.”

दुसऱ्या दिवशी मार्कोची कापलेली अंगठी घेऊन भाऊ सोनाराकडे निघाले. मीही गेलो.

सोनार म्हणाला, “सांधा दिसेल थोडा.”

“दिसू द्या,” भाऊ म्हणाले, आणि काम होईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिले.