कधीचं वाचलंय?

आमच्या घरतभाऊंना ‘मी बरा आहे’ एवढं सांगून सुटका होत नाही. ते लगेच विचारतात, “कधीचं?”

पेणच्या रामवाडीत ते आमच्या समोरच्या दारात राहतात. सकाळी भाजीवाली आली, की जिन्यात हमखास खटका उडतो.

“मेथी ताजी हाय, भाऊ.”

“कधी बघितलीस?”

“आता काय, रात्रभर उशाला घेऊन झोपू व्हय तिला?”

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या बोलणीत त्यांना मी हौसेने बसवलं होतं. मुलगा कंपनीत कायम आहे, असं मध्यस्थ म्हणाले. घरतभाऊ पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, “हे कधीचं वाचलंय?” मध्यस्थ उठून गेले. मुलगा खरोखरच कायम निघाला, लग्नही झालं, पण मध्यस्थ आमच्याकडे पुन्हा चहाला आले नाहीत.

ही खोड त्यांना नोकरीने लावली, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पेणपासून रोह्यापर्यंत घरोघर इंटरनेट देणाऱ्या एका ऑफिसात ते काम करतात. तिथला सर्व्हर प्रत्येक घरातल्या वायफायच्या डब्याची माहिती अधूनमधून वाचतो आणि साठवून ठेवतो. डब्याचं नाव, पासवर्ड, सगळ्या सेटिंग. त्या घराचं पान उघडलं, की हे सारं नीट मांडलेलं दिसतं. अडचण एवढीच, की डबा बंद पडला तरी पान तसंच दिसतं. ते शेवटचं वाचलेलं असतं. कधी वाचलं, ती वेळ कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. आत्ताचं हवं असेल तर ‘पुन्हा वाचा’ हे बटण दाबायचं. डबा चालू असेल तर उत्तर देतो.

एकदा आमचं नेट बंद पडलं. ऑफिसातल्या मुलीने पान बघून फोनवर सांगितलं, की तुमचं सगळं व्यवस्थित आहे. मी हिशेबाचा माणूस, हुज्जत घालत बसलो. घरतभाऊ समोरून आले, डब्यामागे हात घातला आणि माझ्या बायकोला म्हणाले, “वहिनी, सर्व्हरच्या हिशेबी तुमचं नेट सुरळीत आहे. फक्त डब्याची पिन काढून तिथे तुम्ही मिक्सर लावलाय.”

मी रोह्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. रोज संध्याकाळी जिन्यात घरतभाऊंचा एकच प्रश्न असे, “रोहा कसा आहे?” आता रोहा कसा असणार? मी म्हणायचो, “जागेवर आहे.” ते म्हणायचे, “कधीचं?” आणि आम्ही दोघंही हसायचो. मला तो विनोद वाटायचा.

मागच्या महिन्यात ऐन दुपारी त्यांचा कारखान्यात फोन आला. आवाज ओळखू येईना.

“रोह्याला माझी वहिनी एकटीच असते. तिचा डबा सकाळपासून उत्तर देत नाही. जरा बघून याल?”

“अहो, फोन करा ना त्यांना.”

“कोणत्या तोंडाने करू?”

मग घाईघाईत त्यांनी सगळं सांगितलं. घरचा गणपती रोह्याला थोरल्या भावाकडे बसे आणि मूर्ती पेणजवळच्या हमरापूरहून घरतभाऊ नेत. वडिलांनी ठरवलेली उंची एक वीत. एका वर्षी यांनी हौसेने थोडी मोठी आणली. दादा दारातच म्हणाले, “परत ने, नि तूपण येऊ नको.” त्यावरून बोलणं तुटलं. घरतभाऊ मात्र रोज सकाळी ऑफिसात दादांचं पान उघडून बघत. डबा चालू म्हणजे दादा उठले, चहा झाला.

“ते आजारी होते तेव्हाही रोज बघत होतो. सगळं जागच्या जागी दिसायचं. कोपऱ्यातली वेळ तेवढी बघितली नाही. कळलं तेव्हा दादा गेले होते.”

मी साहेबांना सांगून निघालो. दार उघडं होतं आणि वहिनी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. गल्लीत सकाळपासून लाईट नव्हती, एवढंच. मी तिथूनच फोन लावला.

“बऱ्या आहेत. लाईट गेलीय.”

“कधीचं?”

“समोर बसल्यात, भाऊ.”

पलीकडून फोन ठेवला गेला.

वहिनींनी कोरा चहा दिला. घरात टीव्ही दिसला नाही, मोबाईल साधा होता. मी सहज विचारलं, की तुम्हाला नेट लागतं कशाला?

“मला काय करायचंय त्याचं? पण सकाळी उठून डबा लावते. भावजींना पेणला दिसतं म्हणून.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“बसवला तेव्हा त्यांनीच सांगितलं व्हतं, वहिनी, हा बंद झाला की मला कळतं.” त्यांचा हात वालावर थांबला. “ह्यांनी अंथरुणात शपथ घातली, त्याला फोन करायचा नाय. मग मी डबा बंद करून ठेवला. म्हटलं, बघतील नि धावत येतील. ह्यांचेपण डोळे दाराकडंच असायचे. वाट बघितली ओ आम्ही.”

घरतभाऊ रोज बघत होते, हे मी त्यांना सांगितलं. कोपऱ्यातल्या वेळेचंही सांगितलं. त्यांनी वाल बाजूला सारले.

“डबा मी बंद केलेला, हे त्यांना नका सांगू,” शेवटी म्हणाल्या. “नि औंदा गणपतीला या म्हणावं. उंचीचं मी बघते.”

संध्याकाळी घरतभाऊ जिन्यात उभेच होते. मी निरोप दिला.

“कधीचं बोलावणं?”

“आजचं. माझ्यासमोर म्हणाल्या.”

त्यांनी पंजा पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत कठड्यावर मोजली. मग पुन्हा मोजली.

“आणखी काही म्हणाल्या?”

मी आयुष्यात कधी आकडा दडवलेला नाही.

“नाही,” मी म्हणालो.

घरतभाऊंनी मान हलवली आणि दार लोटून घेतलं. एवढं एक मात्र त्यांनी पुन्हा विचारलं नाही.