जठारपेठेतला समुद्र

अकोल्याला समुद्र नाही, हे भूगोलातलं वाक्य मी खोटं ठरवणार होतो! निवृत्त झालो असलो तरी विज्ञानाचा शिक्षक आहे मी! जठारपेठेतल्या घरी, पाहुण्यांच्या खोलीत, मी काचेच्या टाकीत समुद्र मांडला. त्यासाठी खास मीठ मुंबईहून मागवलं, सोबत क्लाउनफिशची जोडी. इतकी नारंगी, की शेंदूरजनाघाटच्या संत्र्याने लाजावं!

जोडीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली, पिल्लं निघाली. पिल्लं कसली, कोणीतरी पाण्यात स्वल्पविराम सांडले होते जणू! त्यांना खायला डोळ्यांना न दिसणारे जीव मी बादलीत वाढवत होतो. माझी नात आचल आणि गल्लीतली मुलं रोज काचेला नाकं लावून बसायची. समुद्र एकानेही पाहिला नव्हता. मी शब्द दिला होता, "यांच्या अंगावर पांढरे पट्टे उमटलेले तुम्ही इथेच बघाल."

मे महिना. उन्हाने टाकीतलं पाणी उडायचं, मीठ मागे राहायचं. म्हणून वरून गोडं पाणी घालायचं, तेही थेंब थेंब. नेमकं मला मूर्तिजापूरला लग्नाला जावं लागलं. घरी माझे मेहुणे नत्थुजी आले होते. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यात, जिथे बोअरचं पाणीच खारट. मी त्यांना गोड्या पाण्याचा कॅन दाखवला.

"पाणी उतरलं की यातलं थेंब थेंब सोडा. घाई नको."

"बेफिकीर जा, भाऊजी!"

परतलो, तर नत्थुजी दारातच छाती फुगवून उभे!

"भाऊजी, मास्तर असून चुकले तुमी! समुद्राच्या मास्यायले गोडं पानी? मी गावातलं बोअरचं आणलं! ऑटो करून!"

"थेंब थेंब घातलंत ना?"

"थेंबानं काय होते? तहानल्या जीवाले कोणी थेंबानं पाजते काय? पोटभर पाजलं!"

मी खोलीत धावलो. जोडी तळाशी धापा टाकत होती. पिल्लांतलं एकही हलत नव्हतं. आचल हुंदके देत होती, बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती.

मी रागावलो की शिकवतो. "मुलांनो, खारट सगळं सारखं नसतं. या पाण्यातले क्षार समुद्राचे नाहीत. याने जमीन चोपण, म्हणजे घट्ट नापीक होते, पिकं करपतात. नाजूक जीव यात जगत नाही."

नत्थुजींचा चेहरा पडला. "आमच्या पान्याचा एकदा तरी कोणाले उपेग होईन, असं वाटलं होतं मले."

त्यांचा पडलेला चेहरा बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू!

आचलने नाक पुसलं. "नत्थू आबाजी, मग तुमच्या गावात या पाण्याचं करतात काय?"

"काय करतात म्हंजे? पितो ना, बाई!"

मुलांनी टाकीकडे पाहिलं, मग नत्थुजींकडे, मग माझ्याकडे. पुढचा प्रश्न मला स्पष्ट दिसत होता. मी घाईघाईने सुट्टी देऊन टाकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं तरी शिकलोच आहे!