हसनचाचांची राखण

हसनचाचा आमच्याकडे आले की आधी हीटरला सलाम करतात, मग माणसांना. अगदी खरोखर! भिंतीलगतच्या लोखंडी हीटरवर तळहात ठेवून "काय रे, बरा हायस ना?" अशी चौकशी होते. त्याची काही तक्रार नसली, तरच आमच्याकडे वळून "सलाम, ताई."

सौदीत आणि हीटर? गावाकडचं प्रत्येक माणूस हे विचारतं. अहो, आमचं ताइफ डोंगरावर आहे. जानेवारीत इथे दातावर दात वाजतात. आमचे घरमालक तरुणपणी कुठल्याशा थंड देशात शिकायला होते, आणि येताना डिग्रीबरोबर ही हौसही घेऊन आले. खाली बॉयलर, त्यातून घरभर फिरणारे गरम पाण्याचे पाईप, आणि खोलीखोलीत हीटर. हौस त्यांची, गळती आमच्या नशिबी.

ती गळती थांबवायला हसनचाचा. मूळचे गुहागरकडचे, इथे एका हॉटेलात पाईपफिटर, राहायला कामगारांच्या कॅम्पात. पाईपाच्या सांध्याला लावायची ती पांढरी टेप त्यांना मुळीच चालत नाही. "ती शालेतल्या पोरींना रिबिनीला द्या," म्हणतात. त्यांच्या पिशवीत तागाचं सूत आणि त्यावर माखायच्या सफेद्याची डबी. पाईपाच्या आट्यांवर सूत असं निगुतीने गुंडाळतात की माझी आई म्हणाली, "अगं, हा माणूस वाती काय सुरेख वळेल!" पाना फिरवताना तोंडाने एकच जप, "घट्ट कर, गळा नको दाबू." माझ्या बँकवाल्या नवऱ्याला टाय बांधतानाही त्यांनी हाच सल्ला दिला होता.

पण खरी गंमत पुढेच. काम झालं तरी हा माणूस उठत नाही. सांध्याखाली टिश्यूपेपर अंथरायचा आणि समोर स्टूल टाकून बसायचं. "गरम असताना सगलेच सांधे शहाने. थंड झाला की रडतो. राखण पायजे." म्हणून बॉयलर तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा. तोवर चहा होतो, जेवण होतं, माझ्या आमटीचा पंचनामा होतो. "कोकम नाय? मग आंबट काय, नशीब?" शेवटी कागद सुका निघाला की तो सगळ्यांना दाखवून "खलास!"

"हे सांध्यासाठी बसतात की जेवणासाठी?" नवरा कुजबुजायचा. मलाही तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

या हिवाळ्यात माझी लेक झाली. दिवस भरायच्या आधीच आली, मूठभर जीव. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खोली गार पडता कामा नये. आणि एका शुक्रवारी सकाळी नेमका तिच्याच खोलीतला सांधा गळायला लागला. बॉयलर बंद करावा लागला. बघता बघता भिंती गारठल्या. तिचे पाय हाताला बर्फासारखे लागले, तशी मी तिला छातीशी घट्ट धरून रडायलाच लागले.

चाचा जुम्म्याची नमाज आटोपून तसेच धावत आले. आज हीटरला सलाम नाही, काही नाही. पाईपाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बाळंतपणासाठी आलेल्या माझ्या आईने त्या पाईपापासून खिडकीपर्यंत दोरी ताणून बांधली होती. तिच्यावर दुपटी, लंगोट, शिवाय एक ओलीचिंब गोधडी!

"वैनी, हा पाईप हाय, परसातला शेवगा नाय!"

"मग? गरम पाईप असताना लंगोट काय उन्हाची वाट बघत ठेवू?" आई हार मानेल तर शपथ.

चाचा हसले, दोरी सोडली आणि सांधा खोलून नवं सूत चढवलं. मग राखण सुरू. आम्ही बाळाला घेऊन स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसलो. सांधा तापला, निवला, पुन्हा तापला. खोली उबदार झाली तेव्हा कुठे तिला आत नेलं. हळूहळू तिचे पाय गुलाबी झाले, आणि मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

"चाचा, तुमचे उपकार कसे फेडू? घ्या ना हिला एकदा."

एरवी मी असं म्हटलं की ते हात पाठीमागे लपवायचे. "नको, हात सफेद्याचे." आज मात्र बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मग येऊन दोन्ही तळवे हीटरवर टेकवून उभे राहिले. मला वाटलं, अजून सांधाच तपासतायत. तेवढ्यात ते तळवे त्यांनी आईपुढे धरले.

"वैनी, बघा जरा. बाळाला गार नाय ना लागनार?"

आईने हात लावून पाहिला. "नाही हो. छान ऊब आहे."

चाचा स्टुलावर बसले आणि मी लेक त्यांच्या हातांत दिली. त्यांची पाठ ताठ, श्वास रोखलेला.

"माझी पोरा मी चालतीच बघितली," ते म्हणाले. "रजा मिलून घरी जाईपर्यंत मोठी झालेली असायची. धाकटा तर मला बघून आईमागे लपला. एवढा लहान कधी हातात घेतलाच नाय."

आईने डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याने वाकून सांध्याखालचा कागद उचलला.

"चाचा, सुका आहे. खलास!"

चाचांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"हलू बोला सायेब, झोपलीय ती. थोडी राखण अजून करतो."