छतावरचं तळं

टप्!

दुपारच्या शांततेत पातेल्यात थेंब पडला, आणि आईनं फोनवर नवऱ्याला ठणकावलं, "आज घरमालकांना गळती दाखवली नाही, तर नाव लावणार नाही!"

"अगं, त्यांची मान वर होत नाही!" पलीकडून बाबा म्हणाले.

तेच तर दुखणं होतं. मानदुखीमुळे मालककाकांच्या गळ्यात कधीचा पट्टा होता. दरवेळी येत, समोरची भिंत बघत, "मला तर काही दिसत नाही बुवा!" म्हणत आणि पाणी पिऊन जात. इकडे लेकीच्या, चिमणीच्या उशीवर थेंब पडायचा. शेवटी पलंग सरकवून तिथे पातेलं ठेवलं होतं.

"आईऽऽ, कंटाळा आला!" चिमणी भुणभुणली.

आईनं खुंटीवरचा आरसा काढला. "तुझ्या मामानं आणि मी लहानपणी एक खेळ शोधला होता. आरसा नाकाखाली आडवा धरायचा, त्यातच बघायचं आणि छतावरून चालायचं! दारावरची भिंत आली की पाय उचलायचा, नाहीतर ठेच लागते. थांब, आधी मी दाखवते!"

बगळ्यासारखे पाय टाकत आईनं दिवा ओलांडला, पंखा ओलांडला. दाराशी पोचताच गुडघा छातीपर्यंत उचलला आणि—

"मेलो!"

गुडघा थेट मालककाकांच्या पोटात!

"अगंबाई! काका, तुम्ही?"

"दार उघडं होतं म्हणून आलो! ताई, ही काय स्वागताची पद्धत?"

आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता कसली गळती अन् कसलं काय!

"आजोबा, तुम्ही मध्येच आलात," चिमणीनं फटकारलं. "आई छतावर होती."

"छतावर?"

तिनं आरसा काकांच्या नाकाखाली सरकवला. काका बघतच राहिले. किती दिवसांनी छत दिसत होतं!

"अरेच्चा! पंखा! केवढी धूळ!"

"ते फूल आहे! त्यावर पाय देऊ नका!"

काकांनी निमूट वळसा घातला. दाराशी पाय उचलला. चिमणी पुढे, काका मागे, वरात निघाली ती थेट आतल्या खोलीत. आई श्वास रोखून मागोमाग.

"हे काळंकुट्ट काय गं?"

"तळं! रोज मोठं होतं. उडी मारा, नाहीतर बुडाल!"

काकांनी विजार वर खोचली, दोन पावलं मागे सरकले आणि झेपावले. उडी तोकडी पडली. छपाक्! उजवा पाय पातेल्यात!

"एवढी गळती?" मोजा पिळत काका कडाडले. "आणि मला कुणी सांगितलं नाही? उद्याच गवंडी पाठवतो!"

आईनं तोंडाला पदर लावला. हसू मात्र आवरेना.

दारातून काका घुटमळत वळले. "चिमणे, गवंड्याबरोबर मीही येईन हं. तळं बुजायच्या आत एकदा नीट ओलांडायचंय."

आई फरशी पुसायला बसली. भोवती पसारा, उपडं पातेलं, ओल्या पावलांचे ठसे. चिमणी आरशात बघत फिरत होती.

"आई, वर किती आवरलेलं आहे गं! मग आपण खाली का राहतो?"