आडव्या काठीचा भाडेकरू

सायकलीला लांबी असते, उंची असते. रुंदी असलेली सायकल मी आयुष्यात एकच बघितली, आणि ती नेमकी माझ्याच खोलीत भाड्यानं राहायला आली.

रंगनाथ आप्पाच्या सायकलीच्या कॅरिअरवर वेळूची एक काठी आडवी बांधलेली आहे. डाव्या अंगाला ती सायकलीबरोबर संपते. उजव्या अंगाला, म्हणजे जिकडून मोटारी जातात तिकडं, चांगली दीड हात बाहेर येते. टोकाला लाल फडकं. सायकल खोलीत घेताना आप्पा आधी तिला तिरकी करतो, मग स्वतः तिरका होतो, मग शिव्या देतो. शिव्या दाराला. काठीला कधी नाही.

मी शाळा चौथीपर्यंत केली. पण ट्रक चालवला, टेम्पो चालवला, आणि आज बजाजनगरात माझी स्वतःची व्हॅन दारात उभी आहे, मागं खोल्यांची रांग आहे. कंपनीतली पोरं राहतात. नवा माणूस दारात आला की तो दंगा करणार का गुमान राहणार, हे मी त्याच्या चपलांवरून सांगतो. आप्पाच्या पायात खिळे मारलेल्या जुन्या वहाणा होत्या. त्यावरून काहीच कळंना. तिथंच मला वास आला.

"कुठून आले?" मी विचारलं.

"पिशोर."

"काय करत होते?"

"मेंढरं."

"आता?"

"इकली."

"मग इथं काय काम?"

"काम नाय."

"मग आले कशाला?"

"रस्ता बघायला."

आता सांगा, रस्ता बघायला कुणी भाड्यानं खोली घेतं का? वर त्यानं मला एकच सवाल केला, "मालक, इथून कंपन्यांचा रस्ता किती लांब?" पाणी कधी येतं हे न विचारणारा भाडेकरू या शहरात मला पहिल्यांदाच भेटला. पाण्याचं विचारत नाही, म्हणजे माणसाच्या मनात काहीतरी दुसरं आहे. मी बायकोला म्हणालो, "ह्याच्यावर नजर ठेव." ती म्हणाली, "तुम्ही ठेवाच. तुम्हाला तरी दुसरं काय काम हाये?"

मी नजर ठेवली.

आप्पाचं मोटारींशी वैर होतं, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. तो मोटारीकडं बघत नाही. समोरून टँकर येऊ द्या, कंटेनर येऊ द्या, हा मान खाली घालून पायडल मारणार. मी म्हणालो, "आप्पा, बघून चालवा, मराल." तर म्हणाला, "मालक, मोटार म्हंजे एडका. नजरला नजर दिली की अंगावर येतो. आपण बघायचंच नाय. मंग त्यो बिचकतो."

त्याचं दुसरं बोलणं म्हणजे, "चार चाकाला इमान नस्तं." हे तो उठता-बसता म्हणायचा. गल्लीत उभ्या गाड्यांजवळून जाताना तो बॉनेटवर तळहात ठेवून बघायचा, जसा मेंढराला ताप आला का बघतात तसा. गार लागली की म्हणायचा, "निजलीय." गरम लागली की दोन पावलं लांबून जायचा. माझ्या व्हॅनलाही त्यानं हात लावला. मी खिडकीतून ओरडलो, "ओ! काय चाल्लंय?" तर शांतपणे म्हणाला, "जागी हाये अजून." आणि गेला.

एकदा चौकात एका रिक्षावाल्यानं त्याला थांबवलं. "चचा, लकडी अंदर करो ना. किसीकी आँख फूट जाती."

आप्पा म्हणाला, "आँख हाये ना? मंग लांबसे जाव."

"हौ चचा, लांबसेच जाता," म्हणत रिक्षावाला हसत हसत लांबून गेला. मला ते पटलं नाही. काठीनं रस्ता अडवायचा म्हणजे काय? मी आप्पाला ओट्यावर बसवून विचारलं, "सायकलीला लायसन नाही, पासिंग नाही, नंबर नाही. आम्ही सरकारला सगळं भरतो. मग तुम्ही आमच्या रस्त्यात काठी घालणार?"

"मेंढराला तरी कुठं नंबर व्हता?" आप्पा म्हणाला. "पर रस्ता वलांडायचंच की."

आणि मग त्यानं माझ्या बायकोला, मला नाही, कळप रस्त्यानं कसा नेतात ते सांगितलं. एक माणूस पुढं. पण खरा माणूस मागं. शेवटचं मेंढरू असतं ना, नेमकं लंगडं नाहीतर गाभण, त्याच्या बाहेरच्या अंगानं चालायचं. मोटार आणि मेंढरू यांच्या मधी. काठी आडवी धरायची. "मोटारीनं आधी काठी बघावी, मंग मला, आन् मेंढरू तिला दिसूच नाय."

बायको म्हणाली, "किती शहाणपणाचं हाये." मी म्हणालो, "इथं मेंढरू कुठंय?" त्यावर आप्पा उठून खोलीत गेला. दाराला शिव्या देत.

मग ती राँग साइडची गोष्ट झाली. आमच्याकडं मोठ्या रस्त्यावर वळायची जागा लई लांब आहे. म्हणून भाजी घेऊन परत येताना सगळेच थोडं उलट्या बाजूनं येतात. मीही आलो. बायको शेजारी बसलेली. समोरून आप्पा. त्यानं सायकल आडवी लावली. सायकल आडवी, म्हणजे काठी उभी. तिचं टोक माझ्या काचेसमोर.

"मागं घ्या," तो म्हणाला. नजर खाली, चाकाकडं.

"आप्पा, मी आहे! घरमालक!"

"घरात तुमी मालक. रस्त्यावर उलटं आलेलं जनावर. मागं घ्या."

मी ट्रक चालवत होतो तेव्हाही अरुंद पुलावर समोरच्यालाच मागं घ्यायला लावायचो. मी गाडी मागं घेत नाही. तसा मी बसून राहिलो आणि तो उभा राहिला. थोड्या वेळानं बायको मेथीच्या जुड्या घेऊन खाली उतरली, "तुमचं झालं की या," म्हणाली आणि पायी घरी गेली. शेवटी एक कंपनीची बस आली, तिला वाट द्यायला आप्पा बाजूला झाला. बससाठी झाला, माझ्यासाठी नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. पण मी गाडी मागं घेतली नाही ती नाहीच.

ह्यानंतर पंधरवडाभरातच त्याच्या काठीनं माझ्या व्हॅनचा डावा आरसा उडवला. मी रीतसर माझ्या बाजूनं पुढं जात होतो. जरा जवळून गेलो असेन. आप्पा सायकलवरून उतरला, आरसा रस्त्यातून उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मालक, ह्याच्यात बघत जा अधूनमधून."

झालं. उस्मानपुऱ्याहून नवा आरसा आणून मी बसवला आणि त्याच दिवशी गल्लीतल्या सगळ्या गाडीवाल्यांना माझ्या ओट्यावर बोलावलं. कुणाचा रंग गेला होता, कुणाचा इंडिकेटर. ठरलं असं की काठी कापायची, नाहीतर खोली खाली करायची. घर माझं, म्हणून सांगायचं काम माझ्याकडं आलं.

"आप्पा, अमावस्येपर्यंत मुदत. काठी तरी जाईल, नाहीतर तुम्ही."

मला वाटलं, भांडंल. तो भांडला नाही. लाल फडकं बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "काठी गेली तर मी इथं ऱ्हाऊन काय करू?"

हे वाक्य मला बिलकूल आवडलं नाही. काठीसाठी कुणी राहतं का?

त्यात शेजारच्या गायके साहेबांनी भर घातली. ते कंपनीत सुपरवायझर. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, बोलू नये, पण तुमचा हा म्हातारा रोज जनरल शिफ्ट सुटली की आमच्या गेटपाशी उभा असतो. आणि एका बाईच्या मागं जातो. रोज तीच बाई. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. रस्ता बघायला आला! कंपन्यांचा रस्ता किती लांब! आणि हा माणूस माझ्या खोलीत!

दुसऱ्याच दिवशी मी व्हॅन काढली आणि कंपनीच्या गेटापासून थोडी अलीकडं लावली. आप्पा होताच, लिंबाखाली, पाठमोरा. शिफ्ट सुटली. माणसांचा लोंढा, बस, मोटरसायकली, धूळ. बाया आल्या, सगळ्यांची तोंडं ओढणीनं बांधलेली, नुसते डोळे उघडे. त्यातली एक हिरव्या ओढणीची सायकलवर बसली. आप्पानं तिला पुढं जाऊ दिलं. दोन सायकलींचं अंतर पडू दिलं. आणि मग निघाला.

मी पहिल्या गियरमध्ये त्याच्या मागं. माझ्या मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. ऊन कललेलं, पाठीमागून येत होतं. ती जोरात गेली की हा जोरात. ती हळू झाली की हा हळू. तिनं एकदाही मागं बघितलं नाही. यानं एकदाही तिला हाक मारली नाही. मला वाटलं, लई मुरलेला माणूस दिसतोय.

तेवढ्यात पाण्याचा टँकर माझ्या बाजूनं पुढं सुटला. तो त्या पोरीच्या अंगाला घासूनच जाणार होता. आप्पानं सायकल हातभर रस्त्यात ओढली, काठी टँकरपुढं आली आणि तोंडानं त्यानं मोठा आवाज काढला, "हुर्र्र, हाऽऽ!" टँकरवाल्यानं ब्रेक दाबला, शिवी दिली, लांबून वळसा घेऊन गेला. पोरगी तशीच सरळ चालली होती. आप्पा पुन्हा आपल्या जागेवर. तिच्या मागं, बाहेरच्या अंगानं.

मी ते बघितलं. पण संशय असा लगेच जात नाही.

वळणावर पेरूच्या गाड्याजवळ ती थांबली. आप्पाही थांबला, लांबच. मी उतरलो आणि त्याचं हँडलच धरलं.

"आप्पा! लाज वाटत नाही? या वयात पोरीबाळींच्या मागं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. हँडल सोडवायला लागला. बोलली ती पुढची पोरगी. तशीच पाठ करून, मान न वळवता, "काका, इकडं या जरा. पुढून या."

मी पुढं गेलो. तिनं ओढणी तोंडावरून खाली घेतली. नाक थेट आप्पाचं.

"त्यांना काय बोलू नका," ती हळूच म्हणाली. "बाप हाये माझा."

मग कळलं. पोरीचं नाव सखू. कंपनीतल्याच एका पोराशी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. आप्पानं भर अंगणात सांगितलं, तुझं तोंड बघणार नाही. आणि पिशोरला आप्पाचा शब्द म्हणजे शब्द, त्यात मागंपुढं नाही. बायको आधीच गेलेली. पोरगी गेल्यावर घरात कुणी नाही. मग त्यानं कळप विकला.

"तुला माहीत होतं ते मागं असतात म्हणून?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "ह्या टायमाला ऊन मागून येतंय ना. काठीची सावली माझ्या शेजारून पुढं पडती. ती दिसली की मी पायडल मारती. नाय दिसली की थांबती."

"मग वळून बघ की एकदा! बाप आहे!"

"वळले तर ओढणीतून का व्हईना, त्यांना माझं तोंड दिसंल. शब्द मोडंल. मंग ते यायचेच बंद होतील." तिनं ओढणी परत वर घेतली. "चालू द्या काका. चाललंय ते बरं चाललंय."

मी आप्पाकडं परत आलो. काय बोलावं कळंना, म्हणून मी रागावलो. "तोंड बघणार नाही म्हणालात ना? मग हे काय?"

आप्पा लाल फडकं सरळ करत म्हणाला, "तोंड बघनार नाय म्हनलो व्हतो. पाठ बघनार नाय असं कुठं म्हनलो?"

अमावस्येला गल्लीतले गाडीवाले जमले. काठी तशीच होती, आप्पाही तसाच. गायके साहेब म्हणाले, "काका, मुदत संपली. नियम म्हणजे नियम."

"नियम मला शिकवता?" मी म्हणालो. "खोली माझी, भाडेकरू माझा, काठी माझ्या खोलीत राहते. ज्याला लांबून जायचं त्यानं लांबून जावं."

बायको दारात उभी राहून हसत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

माझा संशय सगळा गेलाय असं समजू नका. काठी बेकायदाच आहे. तो पोरीचा नवरा कसा आहे, बापाला सायकल हाणायला लावतो आणि स्वतः कुठं असतो, तेही मला एकदा बघायचं आहे. त्यासाठीच मी संध्याकाळी व्हॅन काढतो. टायरमध्ये हवा भरायला चाललो असं घरी सांगतो. बायको म्हणते, "लई हवा खातंय तुमचं टायर."

असा निघालो त्या पहिल्या दिवशी मी आप्पाच्या अगदी मागं लागलो. दोन्ही बाजूचे इंडिकेटर चालू, पहिला गियर. म्हटलं, काठीपेक्षा व्हॅन मोठी. ह्याच्या मागून कोण अंगावर येतंय बघू. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. थोडं अंतर गेलो आणि पुढं सखू एकदम थांबली. एक पाय खाली टेकवला. इकडं तिकडं जमिनीवर बघायला लागली. मान मात्र वळवंना.

मला काही कळंना. आप्पा थांबला. मोटारीकडं कधी न बघणारा तो माणूस वळला आणि त्यानं काचेतून थेट माझ्या डोळ्यात बघितलं.

"मालक," तो म्हणाला, "ऊन आडवू नका."

मी रस्त्यावर बघितलं. माझ्या व्हॅनची सावली आप्पावर, काठीवर, सगळ्यावर पडली होती. पुढं नुसता काळा ठोकळा.

मी आरशात बघितलं, मागच्यांना हात दाखवला आणि गाडी मागं घेतली.